बोट हाच सर्किटचा सगळ्यात बेभरवशाचा भाग

अमळनेरला आलो की माझ्या कामाबद्दल एकच प्रश्न येतो, आणि तोही तक्रारीच्या सुरात: आमचा अंगठा का लागत नाही? मी फिंगरप्रिंट सेन्सरच्या चिपचं ॲनालॉग सर्किट डिझाइन करतो, एवढं कोणाला कळलं की रेशन दुकानापासून बँकेपर्यंतच्या सगळ्या मशीनांचं वड्याचं तेल माझ्या वांग्यावर निघतं. आमचे नाना तर हात पुढे करून सरळ सांगतात, "तुन्हं मशीन खराब शे, मन्हा आंगठा नही." यातलं पहिलं चूक आहे, ते मशीन माझं नाही. दुसऱ्यावर ही सगळी पोस्ट आहे.

आधी मशीनचं सांगून टाकतो. आधारच्या अंगठ्याशी खानदेशाचं नातं जुनं आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पण रेशनच्या किंवा बँक मित्राच्या हातात दिसणारी मशीनं बहुतेक ऑप्टिकल असतात. काचेखाली दिवा आणि कॅमेरा, बोटाचा चक्क फोटो. माझं काम फोनच्या आणि लॅपटॉपच्या बटणात बसणाऱ्या कपॅसिटिव्ह सेन्सरचं. तिथे उजेडाचा काही संबंध नाही, तिथे चार्ज मोजायचा असतो. तोही किती कमी, ते आकड्यांशिवाय कळत नाही, म्हणून आकडे देतो. ज्यांना कंटाळा आहे त्यांनी चार्जरच्या गोष्टीवर उडी मारावी.

एक पिक्सेल म्हणजे चिपवरचा धातूचा एक चौकोनी तुकडा. ५०० डीपीआयला (इंचाला ५०० ठिपके) असे तुकडे दर ५०.८ मायक्रॉनवर बसतात. मोठ्या माणसाच्या बोटावरच्या दोन रेषांमधलं अंतर साधारण ४०० ते ५०० मायक्रॉन, म्हणजे रेष आणि खाच मिळून आठ-दहा पिक्सेल येतात. धातू ही कपॅसिटरची एक प्लेट, कातडी ही दुसरी. बारावीचं सूत्र लावायचं: क्षेत्रफळ गुणिले परमिटिव्हिटी भागिले अंतर. वर फक्त २ मायक्रॉनचा ऑक्साइडचा थर असेल तर रेषेचा उंचवटा टेकल्यावर ४४ फेम्टोफॅरड येतात (फॅरड हे कपॅसिटन्सचं माप, फेम्टो म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतक्या भागांतला एक). खाचेत ५० मायक्रॉन हवा धरली तर अर्धा फेम्टोफॅरडसुद्धा नाही. शंभरपट फरक. एवढ्या फरकावर चित्र काढता आलं नाही तर माणसाने दुसरा धंदा बघावा.

सुरुवातीच्या चिप अशाच उघड्या असायच्या. बोलोन्या विद्यापीठातल्या मार्को टार्टान्यी आणि रोबेर्तो ग्वेरिएरी यांचं १९९८ चं काम मी अजूनही नव्या पोरांना वाचायला देतो. एका पिक्सेलमध्ये शेजारी-शेजारी दोन प्लेट, एक उलट्या (इनपुट वाढला की आउटपुट घटवणाऱ्या) ॲम्प्लिफायरच्या इनपुटला, दुसरी आउटपुटला. दोघींमधली क्षेत्ररेषा फीडबॅक कपॅसिटरचं, म्हणजे आउटपुटचा काही भाग इनपुटला परत देण्याचं, काम करते. कातडी जवळ आली की ती यातल्या काही रेषा स्वतःकडे ओढते आणि फीडबॅक कमी होतो. पिक्सेलला एक ॲम्प्लिफायर, ३९० डीपीआय, आणि बोटाला काहीही जोडावं लागत नाही. कल्पना इतकी नेटकी आहे की बघून हेवा वाटतो.

पण उघडी चिप बाजारात टिकत नाही. चाव्यांबरोबर खिशात घासते, घामाने खराब होते, आणि हिवाळ्यात सतरंजीवरून उठून आलेला माणूस बोट लावतो तेव्हा ठिणगीच पडते. आयईसी ६१०००-४-२ या चाचणीच्या चौथ्या पातळीला स्पर्शाने ८ किलोव्होल्ट आणि हवेतून १५ किलोव्होल्ट सोसावे लागतात. मग वर काच येते, नाहीतर सिरॅमिक, नाहीतर नीलम. २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये नीलमच होता, त्याभोवती स्टीलची रिंग. त्या रिंगचं पुढे काम आहे, लक्षात ठेवा.

घोडं पेंड खातं ते या काचेत. काच ३०० मायक्रॉनची घेतली तर रेषेखालच्या पिक्सेलला जेमतेम अर्धा फेम्टोफॅरड मिळतो. त्याहून वाईट म्हणजे क्षेत्र सरळ वर जात नाही, ते आडवं पसरतं आणि शेजारच्या खाचेची आणि रेषेची गल्लत करतं. या पसरटपणामुळे रेष आणि खाच यांच्यातला फरक काचेच्या जाडीबरोबर घातांकी वेगाने घटतो: रेषांमधलं अंतर ४५० मायक्रॉन धरलं तर १०० मायक्रॉन काचेतून पाव फरक वर येतो, ३०० मायक्रॉनमधून जेमतेम दीड टक्का. हिशेब करून रेष आणि खाच यांच्यातला फरक उरतो १० ॲटोफॅरडच्या आसपास. ॲटो म्हणजे फेम्टोचाही हजारावा भाग. प्लेटवर ३ व्होल्टची उडी मारली, म्हणजे तिचं व्होल्टेज एकदम तेवढं बदललं, तर या फरकाचा चार्ज होतो सुमारे १९० इलेक्ट्रॉन. हो, मोजून एकशे नव्वद. बोटाचा ठसा म्हणून आपण ज्याला मिरवतो, ते एवढंच असतं.

आता तेच सूत्र प्लेटच्या खालच्या बाजूला लावा. प्लेटखाली दोनेक मायक्रॉनवर दुसरा धातूचा थर आहे, त्याला शील्ड म्हणतात, त्याच्याशी होणारा कपॅसिटन्स पुन्हा ४४ फेम्टोफॅरड. त्यात वायरिंग आणि ट्रान्झिस्टरचं गेट धरलं की १०० च्या घरात जातो. कापसाची भरलेली ट्रॉली भुईकाट्यावर चढवून त्यातल्या एका बोंडाचं वजन काढायला सांगितलं तर मापाडी काय म्हणेल? आम्हाला तेच करायचं असतं, आणि मापाडी करतो तेच आम्ही करतो: आधी रिकाम्या ट्रॉलीचं वजन.

याला आमच्यात कोरिलेटेड डबल सॅम्पलिंग म्हणतात, सगळे सीडीएसच म्हणतात. ॲम्प्लिफायर रीसेट करायचा, स्विच उघडायचा, लगेच एक वाचन घ्यायचं. मग ३ व्होल्टची उडी मारायची आणि दुसरं वाचन घ्यायचं. वजाबाकी केली की उरतो तो सिग्नल. फायदा नुसता ऑफसेट, म्हणजे ॲम्प्लिफायरची कायमची चूक, जाण्याचा नाही. कोणताही कपॅसिटर स्विचने रीसेट केला की त्यावर उष्णतेमुळे थोडा बेहिशेबी चार्ज अडकतो. खोलीच्या तापमानाला १०० फेम्टोफॅरडवर तो साधारण १२७ इलेक्ट्रॉन निघतो. सिग्नल १९०, आणि नुसतं शून्यावर आणायला १२७ ची अनिश्चितता! सीडीएसमध्ये तोच अडकलेला चार्ज दोन्ही वाचनांत सारखा असतो म्हणून वजाबाकीत जातो. ट्रान्झिस्टरचा हळू बदलणारा फ्लिकर नॉइजही (नॉइज म्हणजे सिग्नलमधली बेहिशेबी थरथर) बराच जातो. किंमत एवढीच की ॲम्प्लिफायरचा स्वतःचा झटपट बदलणारा नॉइज दोनदा मोजला जातो आणि १.४ पट होतो.

इथे एक गोष्ट नव्या डिझायनरला नेहमी सांगावी लागते. चार्ज ॲम्प्लिफायरच्या इनपुटला व्हर्च्युअल ग्राउंड आहे, म्हणजे तिथलं व्होल्टेज जागचं हलत नाही, मग खालचा तो ४४ फेम्टोफॅरड निरुपद्रवी झाला, असं पुस्तकावरून वाटतं. सिग्नलपुरतं ते खरं आहे. नॉइजपुरतं नाही. ॲम्प्लिफायरचा इनपुट नॉइज ५० मायक्रोव्होल्ट असेल तर तो त्या अख्ख्या १०० फेम्टोफॅरडला हलवतो आणि ३१ इलेक्ट्रॉनचा नॉइज देतो. कपॅसिटन्स निम्मा केला की नॉइज निम्मा. म्हणून लेआउटवाल्याबरोबर बसून एकेक वायर अरुंद करायची, शील्ड खालच्या थरावर ढकलायची, इनपुट ट्रान्झिस्टर फार मोठा घ्यायचा नाही. कोणी म्हणतं, शील्डलाच प्लेटच्या व्होल्टेजने चालवा, म्हणजे फरकच उरणार नाही. चालवा खुशाल, पण शील्ड चालवणाऱ्या बफरचा नॉइज आता त्याच ४४ फेम्टोफॅरडमधून प्लेटवर येतो. राखणदारालाच खोकला, अशी गत. बफर शांत करायचा तर करंट लागतो, आणि फोनवाला करंट द्यायला तयार नसतो.

असो. एवढं सगळं नीट केलं की कागदावर एका वाचनाला ४४ इलेक्ट्रॉनचा नॉइज राहतो. सोळा वाचनांची सरासरी घेतली की तो चौथाई, म्हणजे ११. सिग्नल १९०, नॉइज ११. पुण्याच्या लॅबमध्ये, बॅटरीवर चालणाऱ्या बोर्डवर, चित्र खरंच असं येतं. अगदी घामाची छिद्रंसुद्धा मोजून घ्या.

मग उन्हाळ्यात घरून काम करायची मुभा मिळाली आणि बोर्ड घेऊन मी अमळनेरला आलो. आमचं खालचं घर धाब्याचं, जाड भिंतींचं, गार. पण वायफाय पोहोचतं वरच्या पत्र्याच्या खोलीत, म्हणून टेबल तिथे. लॅपटॉपला दोन पिनचा चार्जर. लॅपटॉपच्या पत्र्यावरून उलट्या हाताने हलकेच बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते, जणू पत्र्याला लव फुटली आहे. चार्जरच्या आतला छोटा कपॅसिटर आउटपुटला मेनशी जोडतो आणि अर्थ नसल्यामुळे सगळा लॅपटॉप साधारण निम्म्या मेन व्होल्टेजवर तरंगत असतो. करंट अगदी थोडा, धोका नाही, पण कातडीला कळतं. सेन्सरला तर कळतंच.

पहिल्याच चित्रात बोट गायब, आडवे पट्टे. काळा, पांढरा, करडा, पुन्हा काळा, विणकामासारखे सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. पट्ट्यांच्या आत डोळे बारीक करून बघितलं तर रेषांची पुसट वळणं. चार्जर उपटला की पट्टे गेले आणि बोट आलं. पुन्हा लावला, पुन्हा पट्टे. चुलतभाऊ वायरमन आहे. तो बघून लगेच म्हणाला, "दादा, अर्थिंग कोरडं पडलंय." खाली जाऊन त्याने अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. मे महिन्यात आमच्याकडची जमीन इतकी तडकते की कोळसा-मीठ घालूनही खड्डा कोरडा पडतो, त्यामुळे निदान अगदीच हवेतलं नव्हतं. पण दोन पिनच्या चार्जरला अर्थिंगची पिनच नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पट्टे आडवे का, उभे का नाहीत? कारण चिप एका वेळी एक अख्खी ओळ वाचते. त्या क्षणी बोटाचं व्होल्टेज हललं तर ओळीतले सगळे पिक्सेल एकाच दिशेने हलतात. पुढच्या ओळीच्या वेळी बोट वेगळ्या व्होल्टेजवर. पिक्सेलचा नॉइज असता तर मिठासारखे ठिपके दिसले असते. पट्टे दिसले म्हणजे चोर एकच आहे आणि तो बोटात बसलेला आहे.

सगळ्यांचा पहिला संशय मेनच्या ५० हर्ट्झवर. तो चुकीचा आहे, आणि हे आकड्यात दाखवता येतं. सीडीएसच्या दोन वाचनांत माझ्याकडे २ मायक्रोसेकंद जातात. बोटावर १ व्होल्टचा ५० हर्ट्झ असला तरी तेवढ्या वेळात तो ०.६ मिलिव्होल्टच सरकतो. अर्ध्या फेम्टोफॅरडमधून त्याचे दोन इलेक्ट्रॉन आले. दोन. कोण विचारतो? आता चार्जरच्या स्विचिंगचा १०० किलोहर्ट्झ घ्या, तोही १ व्होल्टच. २ मायक्रोसेकंदांत त्याचं पाव चक्राच्या जवळपास जातं, आणि दोन वाचनांत १.२ व्होल्टपर्यंत फरक पडू शकतो. त्याचे इलेक्ट्रॉन साडेतीन हजारांवर. सिग्नल १९०, आपण रात्री जागून उतरवलेला नॉइज ११, आणि बोटातून आलेला पाहुणा साडेतीन हजार.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी ऑफिसातही सांगत असतो: ॲम्प्लिफायरचा नॉइज ११ वरून ८ वर आणायला जो वेळ आणि जी जागा जाते, ती आधी बोटाला द्या. बोट हा सर्किटचा एक नोड, म्हणजे जोडबिंदू आहे. त्याला इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) आहे, त्याला नॉइज आहे, फक्त तो आपल्या स्कीमॅटिकवर, म्हणजे सर्किटच्या आराखड्यावर, कोणी काढत नाही. काढलाच तर ग्राउंडची तीन आडव्या रेघांची खूण मारून मोकळे होतात. बोट ग्राउंड नसतं. माणसाच्या अंगाला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स धरतात, १०० किलोहर्ट्झला त्याचे १६ किलोओहम. म्हणजे माणूस जमिनीला बांधलेलाही नाही आणि सुटलेलाही नाही.

उपाय आहेत, प्रत्येकाला खोट आहे. ओळीतल्या शेजारी पिक्सेलची वजाबाकी केली की सगळ्यांत सारखा असलेला पट्टा जातो. छान चालतं, पण बोटाची कड जिथे संपते तिथे अर्धे पिक्सेल बोटाखाली आणि अर्धे हवेत असतात, तिथे वजाबाकी फसते. नॉइजही १.४ पट होतो. दुसरा उपाय, एका उडीऐवजी पिक्सेलला बऱ्याच उड्या मारायच्या, ठरलेल्या क्रमाने वर-खाली, आणि वाचन त्याच क्रमाने गुणायचं. १ मेगाहर्ट्झला ६४ चक्रं घेतली तर खिडकी, म्हणजे आत येऊ दिलेल्या फ्रिक्वेन्सींचा टप्पा, साधारण १५ किलोहर्ट्झची उरते, बाहेरचं सगळं दबतं. चार्जरचा दहावा हार्मोनिक (त्याच्या दहापट फ्रिक्वेन्सीचा अंश) नेमका खिडकीत आला तर फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची. मात्र ॲम्प्लिफायर तेवढा चपळ लागतो आणि अर्धा मायक्रोसेकंदात स्थिरावला पाहिजे, म्हणजे पुन्हा करंट. नमनालाच घडाभर तेल.

तिसरा उपाय रिंग. सेन्सरभोवतीच्या धातूच्या कड्याला चिपच ३ व्होल्टच्या उड्या देते, बोट कड्याला टेकतं आणि प्लेटऐवजी बोटच उडी मारतं. सिग्नल तर मिळतोच, शिवाय बोट चिपच्या व्होल्टेजला बांधलं जातं आणि चार्जरला त्याला हलवणं जड जातं. ठिणगी आली तर तीही आधी कड्यावर पडते. मला हा उपाय सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण यात रोगावरच औषध आहे. कडं परवडत नाही तिथे चिपचंच ग्राउंड फोनच्या ग्राउंडवर उड्या मारतं आणि बोट जागेवर राहतं, सापेक्ष तेच. फोन हातात असेल तर उत्तम. लाकडी टेबलावर पडलेल्या फोनला नुसतं एक बोट लावलं की सिग्नल खालावतो, कारण फोनला धरून ठेवणारं अंगच नसतं.

रिंग लावून चार्जरसकट चित्र सुधारलं, तेव्हा नानांना वर बोलावलं. ऐंशीच्या पुढचे आहेत, पण वेचणीला अजून स्वतः जातात. कापसाच्या बोंडाची वाळलेली टोकं बोटांना ओरबाडतात, वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याने त्यांच्या अंगठ्याचं कातडं गुळगुळीत आणि जाड झालंय, मधे दोन आडव्या भेगा. त्यांच्या अंगठ्याचं चित्र माझ्या अंगठ्याच्या निम्म्यानेही गडद आलं नाही. कोरडं जाड कातडं वीज वाहत नाही, ते आणखी एका काचेसारखं वागतं. खरी वाहणारी ओली पातळी त्याच्या खाली, म्हणजे अंतर वाढलं. आणि कोरड्या कातडीचा कड्याशी संपर्कही कच्चा, म्हणून बांधणी सैल आणि पट्टे पुन्हा पुसट दिसू लागले. तळव्यावर दोनदा फुंकर मारून अंगठा लावला तर चित्र लगेच उजळलं. नाना म्हणाले, "रेशन दुकानवाला बी असंच सांगस." गेन, म्हणजे सिग्नल मोठा करण्याचं प्रमाण, वाढवून हे भरून निघत नाही, नॉइजही तेवढाच वाढतो. कड्याचं क्षेत्रफळ वाढवून निघतं.

उन्हाचंही थोडं सांगतो, कारण पुण्यात हे दिसलंच नव्हतं. ट्रान्झिस्टरची गळती दर दहाएक अंशांना साधारण दुप्पट होते. पत्र्याच्या खोलीत दुपारी लॅबपेक्षा वीस अंश जास्त, म्हणजे गळती चौपट. वाचन धरून ठेवणाऱ्या कपॅसिटरवरून चार्ज झिरपतो आणि ओळीच्या शेवटी वाचल्या जाणाऱ्या पिक्सेलना जास्त वेळ थांबावं लागतं म्हणून चित्राची एक कड फिकी पडते. कारखान्यात एकदाच घेतलेलं रिकामं चित्र वजा करून हे जात नाही. बोट लागायच्या आधीच्या क्षणाला ताजं रिकामं चित्र घ्यावं लागतं. सॉफ्टवेअरवाल्यांनी ते एका संध्याकाळी बसवलं, त्यांचं कौतुक.

पुढच्या चिपमध्ये रिंगच्या ड्रायव्हरला जागा ठेवायची का, यावर सध्या वाद चालू आहे. समोरच्यांचा मुद्दा असा की बटणाभोवती धातूचं कडं म्हणजे फोनमागे जास्तीचा खर्च आणि दिसायला जुनाट. त्यापेक्षा ॲम्प्लिफायरची नवी आवृत्ती करू, नॉइज ८ वर येईल. मी त्यांना पट्ट्यांचं चित्र, नानांच्या अंगठ्याचं चित्र आणि साडेतीन हजाराचा हिशेब पाठवला आहे. कडं नको असेल तर निदान ग्राउंड हलवायची सोय आणि फ्रिक्वेन्सी बदलायची मुभा ठेवा, एवढी तडजोड मला चालेल. पण चाचणी लॅबच्या बॅटरीवर घेऊ नका म्हणावं. दोन पिनचा साधा चार्जर लावा, आणि वेचणी करणाऱ्या कोणाचं तरी बोट घ्या.